रे चॅपमन

रेमंड जॉन्सन चॅपमन (१५ जानेवारी, १८९१:बीव्हर डॅम, केंटकी, अमेरिका – १७ ऑगस्ट, १९२०:न्यू यॉर्क) हा अमेरिकेचा व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होता. १९१२ ते १९२० या काळात तो मेजर लीगमधील क्लीव्हलँडच्या संघाकडून शॉर्टस्टॉप या जागी खेळला. वेगवान धाव, चपळ क्षेत्ररक्षण आणि सहकाऱ्याला पुढे नेण्यासाठी स्वतः बाद होण्याची तयारी यांसाठी तो ओळखला जाई. १९१७ च्या हंगामात त्याने केलेला ६७ सॅक्रिफाइस हिटचा विक्रम आजही अबाधित आहे.

१६ ऑगस्ट, १९२० रोजी न्यू यॉर्क यांकीजविरुद्धच्या सामन्यात पिचर कार्ल मेझ याचा चेंडू डोक्याला लागून चॅपमन जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचे निधन झाले. मेजर लीगच्या सामन्यात चेंडूचा आघात होऊन मृत्यू पावलेला तो एकमेव खेळाडू आहे. या घटनेमुळे त्याचे नाव बेसबॉलच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. मात्र त्यामुळेच त्याची खेळाडू म्हणून असलेली योग्यता बरीचशी झाकोळली गेली.

सुरुवातीचे जीवन

चॅपमनचा जन्म केंटकी राज्यातील बीव्हर डॅम या लहान गावी झाला. तो किशोरवयात असताना त्याचे कुटुंब इलिनॉय राज्यातील हेरिन येथे स्थायिक झाले. हेरिन व आसपासचा प्रदेश कोळशाच्या खाणींचा होता आणि तेथील बहुतेक कुटुंबांची उपजीविका खाणकामावर अवलंबून होती. चॅपमनचे वडीलही खाणीत काम करत. अशा गावांमध्ये सुटीच्या दिवशी होणारे बेसबॉलचे सामने हे लोकांच्या करमणुकीचे मोठे साधन होते. चॅपमन याच सामन्यांमधून पुढे आला.

१९१० च्या सुमारास तो व्यावसायिक बेसबॉलच्या कनिष्ठ लीगमध्ये खेळू लागला. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट आणि नंतर ओहायो राज्यातील टोलेडो येथील संघांकडून खेळताना त्याचा वेग आणि क्षेत्ररक्षण क्लीव्हलँडच्या व्यवस्थापकांच्या नजरेत भरले. ३० ऑगस्ट, १९१२ रोजी वयाच्या २१ व्या वर्षी त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केले. त्या हंगामातील उरलेल्या ३१ सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी ०.३१२ इतकी होती.

क्लीव्हलँड संघातील कारकीर्द

चॅपमन आला तेव्हा क्लीव्हलँडचा संघ नॅप्स या नावाने ओळखला जाई. संघाचा ज्येष्ठ खेळाडू नॅप लॅजवे याच्यावरून हे नाव पडले होते. १९१५ मध्ये लॅजवे संघ सोडून गेल्यावर संघाचे नाव इंडियन्स झाले. हाच संघ आता क्लीव्हलँड गार्डियन्स म्हणून ओळखला जातो. चॅपमन आपल्या संपूर्ण कारकिर्दीत याच एका संघाकडून खेळला.

शॉर्टस्टॉप हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात उभा राहणारा क्षेत्ररक्षक असतो. बहुसंख्य फलंदाज उजव्या हाताने खेळत असल्यामुळे जमिनीलगत मारलेले अनेक फटके त्याच्याच दिशेने येतात. चेंडूपर्यंत धावत पोहोचणे, तो अडवणे आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचण्यापूर्वी तेथे अचूक फेकणे, हे सर्व काही क्षणांत करावे लागते. त्यामुळे या जागेसाठी संघातील सर्वांत चपळ क्षेत्ररक्षकाची निवड केली जाते.

१९१३ च्या हंगामात क्लीव्हलँडने आपला तरुण शॉर्टस्टॉप रॉजर पेकिनपॉ याला न्यू यॉर्कच्या संघाला दिले आणि ही जागा चॅपमनकडे सोपवली. पेकिनपॉ स्वतः उत्तम क्षेत्ररक्षक होता व पुढे अनेक वर्षे न्यू यॉर्कचा नियमित शॉर्टस्टॉप राहिला. त्याच्याऐवजी चॅपमनला ठेवण्याचा निर्णय संघाचा या नवख्या खेळाडूवर किती विश्वास होता हे दाखवतो. या पहिल्याच पूर्ण हंगामात चॅपमनने ४५ सॅक्रिफाइस हिट करून अमेरिकन लीगमध्ये प्रथम क्रमांक मिळवला.

१९१४ च्या हंगामापूर्वीच्या सरावात त्याचा पाय मोडला आणि हंगामातील अनेक सामन्यांना त्याला मुकावे लागले. ज्या खेळाडूची सारी भिस्त पायांवर होती, त्याच्यासाठी ही दुखापत चिंताजनक होती. परंतु १९१५ मध्ये तो १५४ सामने खेळला, त्याने १०१ धावा काढल्या आणि १७ वेळा एकाच फटक्यावर तिसरा बेस गाठला. १९१६ च्या हंगामात मात्र त्याला लय सापडली नाही. त्याची सरासरी ०.२३१ पर्यंत घसरली.

१९१६ मध्येच मध्य क्षेत्ररक्षक ट्रिस स्पीकर बॉस्टनहून क्लीव्हलँड संघात आला. तो त्या काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक होता. स्पीकर आणि चॅपमन यांची घनिष्ठ मैत्री जुळली. १९१९ च्या हंगामाच्या मध्यावर स्पीकर खेळाडू असतानाच संघाचा व्यवस्थापकही झाला. दुसऱ्या बेसवर खेळणारा बिल वॉम्ब्सगान्स आणि शॉर्टस्टॉप चॅपमन ही जोडी या संघाच्या क्षेत्ररक्षणाचा कणा होती.

१९१७ चा हंगाम

१९१७ हे चॅपमनच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम वर्षांपैकी एक मानले जाते. या हंगामात तो १५६ सामने खेळला, त्याने ०.३०२ च्या सरासरीने फलंदाजी केली आणि ५२ बेस चोरले. पिचरचे लक्ष फलंदाजाकडे असताना पुढच्या बेसकडे धाव घेऊन तो बाद न होता गाठणे, याला बेस चोरणे म्हणतात. एका हंगामात ५२ बेस चोरण्याचा हा क्लीव्हलँड संघाचा विक्रम १९८० मध्ये मिगेल डिलोने याने ६१ बेस चोरेपर्यंत, म्हणजे ६३ वर्षे, टिकून राहिला.

याच हंगामात चॅपमनने ६७ सॅक्रिफाइस हिट केले. यात फलंदाज जाणीवपूर्वक असा फटका मारतो, की तो स्वतः बाद होतो, पण आधीच बेसवर असलेला सहकारी एक बेस पुढे सरकतो. बहुधा हा फटका बॅट न फिरवता चेंडूला हलका स्पर्श करून, म्हणजे बंट करून मारला जातो. त्या काळच्या नियमानुसार उंच फटका झेलला जाऊन सहकारी पुढे गेल्यास तोही याच नोंदीत धरला जाई. एका हंगामातील सॅक्रिफाइस हिटची ही मेजर लीगमधील सर्वोच्च संख्या आहे. पुढील काळात खेळाची पद्धत बदलली आणि बंटचे महत्त्व कमी झाले. त्यामुळे हा विक्रम मोडला जाण्याची शक्यता फार थोडी आहे.

२७ सप्टेंबर, १९१७ रोजी बॉस्टन येथे क्रीडा-पत्रकार टिम मर्नेन यांच्या कुटुंबाच्या मदतीसाठी एक सामना भरवण्यात आला. टाय कॉब, ट्रिस स्पीकर, जो जॅक्सन यांसारखे नामवंत खेळाडू त्यात उतरले होते. सामन्याच्या जोडीला झालेल्या स्पर्धांमध्ये चारही बेसची फेरी सर्वांत कमी वेळात पूर्ण करण्याचा चषक चॅपमनने जिंकला. दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. ३६० फुटांची ही फेरी प्रत्येक बेसवर वळण घेत त्याने १४ सेकंदांत पूर्ण केली.

खेळाची शैली

चॅपमन ज्या काळात खेळला, तो बेसबॉलच्या इतिहासात मृत चेंडूचा काळ म्हणून ओळखला जातो. एकच चेंडू बराच वेळ वापरला जाई. तो मऊ आणि मळकट होत जाई आणि दूरवर मारणे अवघड असे. अशा खेळात एकेक धाव मोलाची असे. ती बंट करून, बेस चोरून आणि प्रतिस्पर्ध्याच्या लहानशा चुकीचा फायदा घेऊन मिळवावी लागे. चॅपमनचे गुण या खेळाला अगदी अनुकूल होते. फलंदाजीच्या क्रमात तो सहसा दुसरा येई. पहिला फलंदाज बेसवर पोहोचला असेल तर त्याला पुढे नेणे हे त्याचे काम असे आणि त्यात त्याच्या तोडीचे खेळाडू मोजकेच होते.

कारकिर्दीत त्याने एकूण ३३४ सॅक्रिफाइस हिट केले. मेजर लीगच्या सर्वकालीन यादीत ही संख्या सहाव्या क्रमांकावर आहे. या यादीत प्रथम असलेला एडी कॉलिन्स २५ हंगाम खेळला, तर चॅपमनच्या वाट्याला केवळ ९ हंगाम आले. या ९ हंगामांतील पहिला आणि शेवटचाही अपुरा होता.

क्षेत्ररक्षणात तो शॉर्टस्टॉपमध्ये तीन वेळा सर्वाधिक पुटआउट करून आणि एकदा सर्वाधिक असिस्ट करून लीगमध्ये अग्रस्थानी राहिला. पुटआउट म्हणजे क्षेत्ररक्षकाने स्वतः खेळाडूला बाद करणे आणि असिस्ट म्हणजे चेंडू फेकून दुसऱ्या क्षेत्ररक्षकाकरवी बाद करवणे. १९१८ मध्ये त्याने ८४ धावा काढल्या आणि ८४ वेळा वॉक मिळवले. दोन्ही बाबतींत तो त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये प्रथम होता.

फलंदाजी करताना चॅपमन वाकून आणि होम प्लेटच्या अगदी जवळ उभा राहत असे. त्यामुळे त्याचे डोके काही वेळा चेंडूच्या मार्गाच्या जवळ येई. त्या काळी फलंदाज डोक्यावर फक्त कापडी टोपी घालत.

वैयक्तिक जीवन

चॅपमन अतिशय लोकप्रिय होता. त्याचा स्वभाव आनंदी होता आणि गळा गोड होता. प्रवासात व संघाच्या विश्रांतिकक्षात तो सहकाऱ्यांना जमवून गाणी म्हणत असे. प्रतिस्पर्धी संघांतही त्याचे अनेक मित्र होते.

ऑक्टोबर १९१९ मध्ये त्याचा विवाह क्लीव्हलँडमधील कॅथलीन डेली हिच्याशी झाला. तिचे वडील मार्टिन डेली हे ईस्ट ओहायो गॅस या कंपनीचे अध्यक्ष होते. विवाहानंतर चॅपमन बेसबॉलमधून निवृत्त होऊन व्यवसायात स्थिरावण्याचा विचार करत होता. मात्र स्पीकर व्यवस्थापक असताना आणि संघ अजिंक्यपदाच्या जवळ पोहोचला असताना त्याला संघ सोडावासा वाटला नाही. क्लीव्हलँडने तोपर्यंत एकदाही अमेरिकन लीगचे अजिंक्यपद मिळवले नव्हते. १९२० च्या हंगामात खेळण्याचे चॅपमनने ठरवले. त्याची पत्नी त्या उन्हाळ्यात गर्भवती होती.

१६ ऑगस्ट, १९२० चा सामना

१९२० च्या हंगामात क्लीव्हलँड, न्यू यॉर्क यांकीज आणि शिकागो व्हाइट सॉक्स या तीन संघांमध्ये अत्यंत चुरस होती. ऑगस्टच्या मध्यावर क्लीव्हलँडचा संघ यांकीजशी खेळण्यासाठी न्यू यॉर्कमधील पोलो ग्राउंड्स या मैदानावर आला. चॅपमन तोपर्यंत १११ व्या सामन्यापर्यंत पोहोचला होता, त्याच्या नावावर ९७ धावा होत्या आणि सरासरी ०.३०३ होती.

यांकीजचा पिचर कार्ल मेझ हा हात जमिनीलगत नेऊन खालून वर चेंडू फेकत असे. या पद्धतीमुळे चेंडू हातातून कोठे सुटतो हे फलंदाजाला चटकन कळत नसे. फलंदाजाच्या अंगाजवळ चेंडू टाकण्याबद्दल मेझची ख्याती होती आणि तो खेळाडूंमध्ये फारसा लोकप्रिय नव्हता.

त्या दिवशी आभाळ भरून आलेले होते. पाचव्या डावाच्या आरंभी चॅपमन फलंदाजीसाठी आला. त्या वेळी क्लीव्हलँड आघाडीवर होते. मेझने टाकलेला एक उसळता वेगवान चेंडू त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला, कानशिलाजवळ लागला. चेंडू चुकवण्यासाठी त्याने काहीच हालचाल केली नाही असे अनेक प्रेक्षकांना दिसले. मळलेला चेंडू त्याला दिसलाच नसावा असे मानले जाते. आघाताचा आवाज इतका मोठा होता, की चेंडू बॅटला लागला असे मेझला वाटले. आपल्याकडे घरंगळत आलेला चेंडू उचलून त्याने पहिल्या बेसवरील वॉली पिप याच्याकडे फेकला.

चॅपमन होम प्लेटजवळ कोसळला. पंच टॉमी कॉनोली यांनी प्रेक्षकांमध्ये डॉक्टर आहे का याची विचारणा केली. काही वेळाने चॅपमन उभा राहिला आणि सहकाऱ्यांच्या आधाराने मैदानाच्या मध्यभागापलीकडील कक्षाकडे चालू लागला. परंतु वाटेत त्याचे पाय लटपटले आणि त्याला उचलून न्यावे लागले. त्याच्या जागी हॅरी लंट धावपटू म्हणून आला आणि सामना पुढे सुरू राहिला. क्लीव्हलँडने तो ४–३ असा जिंकला.

निधन आणि अंत्यविधी

चॅपमनला सेंट लॉरेन्स रुग्णालयात नेण्यात आले. त्याच्या कवटीचे हाड मोडले होते. रात्री डॉक्टरांनी मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया केली, परंतु १७ ऑगस्टच्या पहाटे त्याचे निधन झाले. त्या वेळी तो २९ वर्षांचा होता. कॅथलीन क्लीव्हलँडहून निघाली होती. न्यू यॉर्कला पोहोचल्यावरच तिला पतीच्या मृत्यूची बातमी समजली. त्या दिवशीचा सामना पुढे ढकलण्यात आला.

२० ऑगस्ट रोजी क्लीव्हलँडमधील सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला. हजारो नागरिक त्यासाठी जमले होते. लेक व्ह्यू दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले. फेब्रुवारी १९२१ मध्ये कॅथलीनला मुलगी झाली. वडिलांच्या नावावरून तिचे नाव रे मरी असे ठेवण्यात आले. कॅथलीनने पुढे पुनर्विवाह केला. १९२८ मध्ये तिचे आणि त्यानंतर वर्षभरातच, १९२९ मध्ये, रे मरीचे गोवराने निधन झाले.

संघाचे अजिंक्यपद

चॅपमनच्या मृत्यूनंतर क्लीव्हलँडचा संघ काही दिवस सावरू शकला नाही. खेळाडू बाहीवर काळी फीत बांधून खेळत. सप्टेंबरमध्ये लंट जखमी झाल्यावर जो स्यूएल या २१ वर्षांच्या तरुणाला कनिष्ठ लीगमधून बोलावून शॉर्टस्टॉपची जागा देण्यात आली. स्यूएल पुढे १४ हंगाम खेळला आणि १९७७ मध्ये त्याची बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली.

हंगामाच्या अखेरीस १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधील लाचखोरीचे प्रकरण उघडकीस आले आणि शिकागोच्या प्रमुख खेळाडूंना निलंबित करण्यात आले. क्लीव्हलँडने ९८ सामने जिंकून शिकागोला दोन सामन्यांच्या अंतराने मागे टाकले. त्यानंतर वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिनला ५–२ असे हरवून त्यांनी पहिले विजेतेपद मिळवले. या मालिकेच्या पाचव्या सामन्यात चॅपमनचा जोडीदार वॉम्ब्सगान्स याने एकट्याने एकाच वेळी तीन खेळाडूंना बाद केले. वर्ल्ड सिरीजमध्ये असे एकदाच घडले आहे. विजेत्या संघाला मिळालेल्या रकमेतील पूर्ण वाटा खेळाडूंनी चॅपमनच्या पत्नीला दिला.

कार्ल मेझ

घटनेनंतर मेझने स्वतःहून न्यू यॉर्कच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात जबाब दिला. हा अपघात असल्याचे मान्य करून त्याला दोषमुक्त करण्यात आले. काही संघांच्या खेळाडूंनी मेझच्या विरुद्ध न खेळण्याची भूमिका घेतली. परंतु तो बहिष्कार प्रत्यक्षात आला नाही. मेझने चेंडू जाणूनबुजून डोक्यावर मारला, असे सिद्ध करणारा पुरावा पुढे आला नाही. चॅपमनची वाकून उभे राहण्याची सवय, मळकट चेंडू आणि अंधारलेला दिवस ही अपघाताची कारणे सामान्यतः सांगितली जातात.

मेझने त्या हंगामात २६ आणि पुढच्या हंगामात २७ सामने जिंकले. कारकिर्दीत २०७ विजय मिळवूनही हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली नाही. १९७१ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे नाव या एका चेंडूशीच जोडलेले राहिले.

नियमांवरील परिणाम

चॅपमनच्या मृत्यूनंतर मळलेला चेंडू लगेच बदलण्याची प्रथा रूढ झाली. त्याच हंगामात संघमालकांनी चेंडूंवर फार खर्च होत असल्याची तक्रार केली होती आणि शक्य तितका वेळ तोच चेंडू वापरण्याच्या सूचना पंचांना मिळाल्या होत्या. या दुर्घटनेनंतर हे धोरण सोडून द्यावे लागले. पांढरा, नवा चेंडू फलंदाजाला अधिक स्पष्ट दिसू लागला. १९२० मध्येच बेब रूथने ५४ होम रन काढले होते. स्वच्छ चेंडूमुळे मोठ्या फटक्यांच्या या नव्या खेळाला बळ मिळाले आणि चॅपमन ज्या प्रकारच्या खेळात निपुण होता तो हळूहळू मागे पडला.

थुंकी किंवा अन्य पदार्थ लावून फेकल्या जाणाऱ्या चेंडूवरील बंदीचा संबंधही अनेकदा या घटनेशी जोडला जातो. मात्र या बंदीची सुरुवात १९२० चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच झाली होती. हंगामानंतर ती कायम करण्यात आली आणि केवळ १७ जुन्या पिचरांना निवृत्तीपर्यंत सवलत देण्यात आली.

डोक्याच्या संरक्षणाच्या बाबतीत बदल फार संथ गतीने झाला. १९४१ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाने टोपीच्या आत कडक अस्तर वापरण्यास सुरुवात केली. १९५० च्या दशकात दोन्ही लीगनी फलंदाजांना शिरस्त्राण किंवा अस्तर आवश्यक केले. पूर्ण हेल्मेट १९७१ मध्ये सक्तीचे झाले. तेव्हाही आधीपासून खेळणाऱ्यांना सूट होती. चॅपमनच्या मृत्यूला तोवर अर्धे शतक उलटून गेले होते.

स्मृती

चॅपमनच्या स्मरणार्थ चाहत्यांच्या देणग्यांतून तयार केलेला कांस्य फलक क्लीव्हलँडच्या लीग पार्क मैदानावर लावण्यात आला होता. पुढे तो संघाच्या दुसऱ्या मैदानावर हलवला गेला आणि नंतर अडगळीत पडून विस्मृतीत गेला. २००७ मध्ये तो संघाच्या सामानात पुन्हा सापडला. दुरुस्तीनंतर तो क्लीव्हलँडच्या सध्याच्या मैदानातील हेरिटेज पार्क या दालनात ठेवण्यात आला आहे. त्याआधी २००६ मध्ये चॅपमनचा संघाच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला होता.

कूपरस्टाउन येथील राष्ट्रीय बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी किमान १० हंगाम खेळलेले असणे आवश्यक असते. चॅपमन ९ हंगाम खेळला. क्लीव्हलँडचाच पिचर ॲडी जॉस हाही ९ हंगामांनंतर, १९११ मध्ये, आजाराने मरण पावला होता. त्याच्यासाठी ही अट शिथिल करून १९७८ मध्ये त्याला तेथे स्थान देण्यात आले. चॅपमनच्या बाबतीत तसे झालेले नाही.

लेखक माइक सोवेल यांनी १९८९ मध्ये या घटनेवर आणि १९२० च्या हंगामावर पुस्तक लिहिले. लेक व्ह्यू दफनभूमीतील चॅपमनच्या समाधीवर भेट देणारे चाहते आजही बेसबॉलचे चेंडू व बॅट ठेवून जातात.

कारकिर्दीतील आकडे

सामने: १,०५१
हिट: १,०५३
फलंदाजीची सरासरी: ०.२७८
धावा: ६७१
होम रन: १७
चोरलेले बेस: २३८
सॅक्रिफाइस हिट: ३३४